खटक्याची जागा

नाना,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षे लोटली, तरी हे लिहायला बसण्यापूर्वी मी वाकून खुर्चीचे बूड तपासलेच. ही सवय तुमची. खुर्ची नवी असो वा जुनी, तिच्यावर विश्वासून टेकू नये, आधी तिला उताणी करून तिची जबानी घ्यावी, असा तुमचा दंडक होता. सांप्रत मी मुख्य आरेखक या पदास पोहोचलो आहे. म्हणजे चार तरुणांनी काढलेल्या रेषांवर संशय घेण्याचे मला वेतन मिळते. संशय हा माझा जन्मसिद्ध गुण असल्यामुळे काम सुखाने चालते. परंतु तुम्ही मला दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींची उत्तरे मी खोटी दिली होती. त्यांतल्या एका उत्तराने एका निरपराध माणसाची तुमच्याशी असलेली मैत्री महिनाभर तोडली. त्याविषयी हे पत्र आहे.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उगवू लागले होते. आपली पत्र्याची शेड चिंचवडच्या अंगाला. पुढे मालकांची केबिन, मधे माझा ड्रॉइंग बोर्ड, मागे लोखंड आवळून धरायचा तुमचा व्हाइस. तुम्ही तिथले जुने मेस्त्री, आणि मी पुण्याहून पदविका घेऊन उतरलेला बाविशीतला सर्वज्ञ. माझी भाषा ऐकून तुम्ही पहिल्याच दिवशी माझे नाव पंडित ठेवलेत. पुढे एका मोठ्या कंपनीचे काम आले. तिच्या कचेरीतील खोली इतकी चिंचोळी होती की कारकून बसले की कपाटे उघडत नसत, आणि कपाटे उघडायची तर कारकुनांना खुर्च्यांसकट बाहेर जावे लागे. त्यांना अशी खुर्ची हवी होती, की माणूस उठताच तिची पाठ पुढे बैठकीवर मिटावी आणि ती टेबलाखाली निमूट सरकावी. नमुना पसंत पडला तर तशा चाळीस. ते आरेखन माझ्या वाट्याला आले. मी त्यास ‘आकुंचनशील पृष्ठाधार’ असे नाव दिले. तुम्ही त्याला ‘पडकी पाठ’ म्हणत होतात.

यंत्रणा मला आजही तोंडपाठ आहे. दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, त्यांतून आरपार आडवी पिन, पट्टीच्या कडेला खाच आणि त्या खाचेत स्प्रिंगने दाबून धरलेली एक जीभ. खटका ओढला की जीभ खाचेतून सुटे आणि पाठ पुढेमागे मोकळी होई. हा खटका मी बैठकीच्या उजव्या कडेखाली, कोणाच्या दृष्टीस न पडेल असा, मोठ्या अभिरुचीने दडवला होता. तुम्ही नमुना जुळवलात, त्यावर बसलात, उठलात, तो उताणा केलात आणि खटक्यावर बोट ठेवलेत.

"पंडित, ह्यो खटका हितंच कशापायी?"

"हस्तसौकर्यासाठी, नाना."

"कुनाच्या हस्ताच्या?"

"अर्थातच उपभोक्त्याच्या."

"मंग त्या बाबाला इचारलंस का, त्याचा हात कुटं जातो त्ये?"

एवढे बोलून तुम्ही तंबाखू मळायला फाटकावरच्या वॉचमनकडे निघून गेलात. चूक कधी सांगायची नाही, केवळ तिच्या दिशेला मान करून निघून जायचे, ही तुमची अध्यापनपद्धती. मला त्यात अध्यापन दिसले नाही, मत्सर दिसला. मराठवाड्यातून आलेला तो वॉचमन आणि तुम्ही एकाच डबीतला चुना खात होतात, हेही मला तेव्हापासून संशयास्पद वाटू लागले.

बुधवारी संध्याकाळी भोंगा झाल्यावर मी खिडकीतून पाहिले. तुम्ही माझा नमुना सायकलच्या कॅरिअरला बांधला होता आणि वर गोणपाट टाकले होते. वस्तू बाहेर नेण्याचा पास नव्हता. वॉचमनने तुम्हाला हसून जाऊ दिले. तसल्याच खुर्चीच्या मागावर भोसरीच्या बाजूचा एक शेडवाला आहे, असे माझ्या कानावर आले होते. त्या रात्री माझ्या मनात तुमच्यावरचा खटला उभा राहिला, चालला आणि निकालातही निघाला.

गुरुवार म्हणजे आपल्या औद्योगिक वसाहतीच्या सुट्टीचा दिवस. मी सायकल हाणत तुमच्या गावी, चिखलीला आलो. तुमच्या घराच्या मागच्या बाजूस कडब्याची गंज होती, तिच्याआड बसलो. कानावर पेन्सिल तशीच होती; आरेखकाची ती जानव्याइतकीच नित्याची. अंगणात लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकवून ठेवलेली माझी खुर्ची, समोर एक टेबल आणि भोवती निम्मी आळी. शाळामास्तर बसले, उठले. मग तलाठी, मग तुमच्या वहिनी, मग एक धिप्पाड पैलवान. उठणारा प्रत्येक जण तुमच्यासमोर हात धरी, आणि तो हात निळा असे. तो निळा हात तुम्ही एका वहीवर दाबून घेत होतात आणि खाली काही लिहीत होतात.

नाना, यावरून कोणत्याही सुबुद्ध मनुष्याने काय निष्कर्ष काढावा? मी काढला, की तुम्ही गावकऱ्यांचे अंगठे घेऊन भागीदारीचा करार करीत आहात. माझ्या पृष्ठाधाराची विक्री चालली आहे आणि तलाठी साक्षीदार आहे. वास्तविक फिटर माणूस दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे टेकतात हे पाहायला निळा रंग लावतो, हे मी तुमच्याच व्हाइसशेजारी उभा राहून वर्षभर पाहिले होते. परंतु तो रंग लोखंडाला लावतात, माणसांना नव्हे, अशी माझ्या पदविकेची समजूत होती.

शुक्रवारी मी अर्धा तास आधी येऊन मालकांच्या कानाला लागलो. पुढचे दृश्य आजही माझ्यासमोर घडते आहे. तुम्ही खुर्ची बांधलेली सायकल फाटकातून आत घेता. मालक पुढे होतात. "थांबा नाना. हे काय नेलं होतं?" पाळीवर येणारी माणसे थबकतात. मालक वॉचमनला फर्मावतात, "सोड दोरी. पिशवी बघ. खिसे बघ त्यांचे." वॉचमनचे हात पुढे येत नाहीत. मग तुम्हीच खिसे उलटे करता: चंची, चुन्याची डबी, वही. मालक वही उघडतात. पानापानावर निळे पंजे. खाली तुमच्या वळणदार अक्षरात ‘मास्तर’, ‘तलाठी’, ‘वहिनी’.

"मालक, बसल्यावर मानूस खुर्ची फुडं वढतो," तुम्ही शांतपणे सांगता. "तवा त्याचा हात हितं जातो. कडंला निळा रंग लावून बगितलं, समद्यांचाच जातो, ह्ये बगा. खटका बी हितंच हाय. पाठ मोकळी झाली, का मानूस उताना."

मालकांनी वही मिटली. "पास घ्यायला हवा होता, नाना," एवढेच म्हणाले. "व्हय, चुकलं," तुम्ही म्हणालात, आणि खिसे पुन्हा आत घातलेत.

मग तुम्ही मला बोलावलेत. "पंडित, बस." मी बसलो. कोणी न सांगता माझा उजवा हात कडेखाली गेला, मी खुर्ची पुढे ओढली आणि पाठ सुटली. मी उताणा झालो नाही, कारण पाठीमागे तुम्ही हात धरून उभे होतात. माझाही निळा पंजा तुम्ही वहीत घेतलात, खाली ‘पंडित’ असे लिहिलेत आणि म्हणालात, "आता ड्रॉइंग बदल." खटका पाठीच्या वरच्या कडेमागे गेला, जिथे उभ्या माणसाचाच हात पोहोचतो. चाळीस खुर्च्या पसंत झाल्या. ड्रॉइंगवर सही माझी आहे.

त्याच दुपारी जेवताना तुम्ही पहिला प्रश्न विचारलात. "कुनी सांगितलं असंल रं मालकाला?"

मी भाकरीवरून नजर न काढता म्हणालो, "वॉचमन असेल. फाटकावर दुसरे कोण असते?"

त्या दिवसापासून तुम्ही तंबाखू एकट्याने मळू लागलात. वॉचमन दुपारी चुन्यासाठी हात पुढे करी, तुम्ही चालत राहायचात. तो मला विचारी, "काय झालं ओ साहेब, नाना बोलंनात?" मी त्याला सांगितले, की वयोमानानुसार असे होते.

महिना भरल्यावर तुम्ही काम सोडलेत. शेताकडे बघायला कोणी नाही, असे कारण दिलेत. जाताना माझ्या बोर्डापाशी आलात आणि बंडीच्या खिशातून एक पेन्सिल काढलीत. चार-एच, टोक पटाशीसारखे तासलेले, मागचा भाग दातांनी चावलेला.

"ही तुजी का रं?"

"नाही नाना. माझी नव्हे."

तुम्ही माझ्याकडे जितका वेळ पाहिलेत, तितका वेळ एखाद्या खुर्चीलाही दिला नसेल. मग ती त्या निळ्या पंजांच्या वहीत ठेवलीत आणि वही माझ्या बोर्डावर. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. ज्याची असंल त्याला दे." मी खिडकीतून पाहत होतो. फाटकापाशी तुम्ही सायकल उभी केलीत, वॉचमनसमोर चुन्याची डबी धरलीत, आणि तो बापडा डबी घ्यायच्या आधी डोळे पुसू लागला.

तेव्हापासून मी संशयात आहे. ती पेन्सिल तुम्हाला शेडमध्ये सापडली, की कडब्याच्या गंजीमागे? आणि गंजीमागे, तर कोणत्या दिवशी? पहिला प्रश्न विचारलात तेव्हा ती तुमच्या खिशात होती का? मी उताणा होऊ नये म्हणून पाठीमागे हात धरलात तेव्हा? तुमच्या दहाव्याला मी आणि वॉचमन शेजारी उभे होतो. त्यालाही मी काही विचारले नाही, सांगितले तर नाहीच.

हे पत्र त्याच पेन्सिलीने लिहिले आहे. चार-एचचे शिसे कठीण असते. अक्षर इतके फिके उमटते, की कागद उजेडाकडे तिरपा धरल्याशिवाय वाचता येत नाही. लिहून झाले की हे तुमच्या वहीत, माझ्या पंजाच्या पानाशी, ठेवून देणार आहे.

नाना, पेन्सिल माझी होती.