छत्तिसावा फोटो

बाबा, आज तुमच्याच धंद्यातला प्रश्न घेऊन बसले आहे. हसू नका. जिला तुम्ही 'कॅमेऱ्याक हात लावशीत तर बघ' असं शंभरदा बजावलं होतंत, ती तुमची मुलगी पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा घ्यायला निघाली, आणि दोहोंतला कुठला घ्यावा ते तिला पंधरा दिवस ठरवता येईना. एक मोठा. त्याला आता मिररलेस म्हणतात. तुमच्या त्या काळ्या जड कॅमेऱ्यात आरसा होता ना, बटण दाबलं की खटॅक करून उडायचा? तो आरसाच यातून काढून टाकला आहे. लेन्स मात्र अजून बदलता येते. त्यातला हा सगळ्यात साधा, नवशिक्याने घ्यावा असा. दुसरा अगदी छोटा, पर्सच्या कप्प्यात बसेल एवढा. चालू केला की त्याची लेन्स कासवाच्या मानेसारखी बाहेर येते. शाळेत पोरांना मी सांगते की दोन पर्याय समोर आले की वहीत दोन रकाने आखा. मी आखले. दोन्ही भरले. तरी अक्कल काही आली नाही.

कॅमेरा हवा होता तो आईसाठी. ती आता एकोणऐंशीची आहे. गेल्या गणपतीपासून तिचं विसरणं वाढलं आहे. सकाळी मला ओळखते, दुपारी कधी माझ्यात तिची बहीण दिसते, कधी शेजारीण. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच हळूहळू होत जाणार. त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात एकच घोकणं चाललं होतं, की ती आम्हाला ओळखते आहे तोवर तिचा एक धड फोटो हवा. फोनवर काढला असता, घरात दोन दोन फोन पडलेत. पण फोन तिच्यासमोर धरला की तिला वाटतं तिचा झील, माझा भाऊ, मुंबईहून बोलतो आहे. लगेच पुढे वाकते आणि पडद्याला कान लावते. "कोण गो? झील मां? जेवलंस काय रे?" माझ्या फोनमध्ये आईचे चाळीसेक फोटो आहेत आणि सगळ्यांत तिचा उजवा कान आहे.

आणि धड फोटोची एवढी घाई का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा फोटो भिंतीवर आहे, तोच पाहून सांगते आहे. अख्ख्या मालवण बाजाराच्या भिंतींवरचे म्हातारे-म्हाताऱ्या तुम्ही टांगलेत. चंदनाच्या हारामागून अजून ते ताठ बघतात. तुमचा मात्र कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला आहे. एक डोळा अर्धवट मिटलेला, खांद्याशी फ्लॅशची दांडी, आणि कानाजवळ परक्या माणसाच्या फेट्याचा तुरा. पाहुणे विचारतात, स्टुडिओवाल्याचा फोटो असा कसा? आई सांगते, त्यांना स्वतःचा काढून घ्यायला सवड कुठे होती. मी चहा करायला आत जाते.

सवडीचं म्हणाल तर आमचे फोटो तुम्ही काढायचातच, पण तेही दुसऱ्यांच्या रोलच्या शेपटाला. लग्नाचा रोल छत्तीसचा, लग्न संपायचं तेहतिसाव्या नाहीतर चौतिसाव्या फोटोला. उरलेले दोन-तीन वाया घालवायचे नाहीत आणि रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही. मग तुम्ही दुपारी जेवायला आलात की कॅमेरा गळ्यातच असायचा. "चल गो, रोल संपवया." आमचं सगळं बालपण असं रोल संपवण्यात गेलं. निगेटिव्हची पट्टी उजेडाला धरली की नवरी, नवरी, मुंडावळ्या, मामा, आणि मग एकदम आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आई, हातात पळी. भाताची पेज गाळायच्या घाईत ती दरवेळी तेच म्हणायची, "अवो, एकच काढा हां. माझो भात वेळूचो आसा." पदर सारखा करायची, आणि तुम्ही कॅमेऱ्यामागे तोंड लपवलंत की तिच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते एरवी घरात कधी दिसायचं नाही. पावसाळ्यात त्या कॅमेऱ्याला बुरशी धरू नये म्हणून तुम्ही कपाटात दिवसरात्र छोटा बल्ब पेटत ठेवायचात. "कॅमेऱ्याक शेक आणि माझ्या कंबरेक नाय," असं ती चिडवायची. माझा जीव त्या कपाटात अडकला होता, बाबा. मला तोच कॅमेरा हवा होता.

तुम्ही दिलात तो दुसराच. मी बारावी पास होऊन कोल्हापूरला कॉलेजात निघाले तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या शेजाऱ्याकडून तुम्ही एक छोटा कॅमेरा मागवून घेतलात. खिशातला, रोल आपोआप पुढे सरकवणारा. कागदात नीट गुंडाळून माझ्या बॅगेत वरच ठेवलात. किती हौसेने आणला असेल! आणि मी काय केलं? पुढच्याच वर्षी कॉलेजात फोटोंचं प्रदर्शन होतं, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि तुमच्यामागे भुणभुण लावली. मोठा द्या, चार दिवस द्या, सगळ्यांकडे मोठे आहेत. तुम्ही निगेटिव्ह कापत होतात. मान वर न करता म्हणालात, "तो पोटाचो कॅमेरो आसा. नाय म्हटलंय ना? मगे परत परत कित्याक विचारतंस?" दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "मगे ह्यो कशाक दिलास? ह्यो काय कॅमेरो? खेळणां आसा!" तुम्ही पुढची पट्टी कापायला घेतलीत. गिऱ्हाइकांपैकी एक हसला तेवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. तोंडवलीला आत्येकडे जेवायला आपण दोघंच गेलो, स्कूटरवरून. मी वाटभर फुगलेली. तुम्ही त्या दिवशी मोठा कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला होतात आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतात, हे मला खूप नंतर उमगलं. जेवून संध्याकाळी सुरूच्या बनातून आपण समुद्रावर उतरलो. माझ्या हातात तुमचं ते खेळणं. त्याच्या छोट्या खिडकीत पस्तीस आकडा दिसतो आहे, म्हणजे एक शिल्लक. तुम्ही केसांवरून कंगवा फिरवता आणि लाजल्यासारखे म्हणता, "माझो एक काढ गो. सगळ्यांचे काढून काढून माझोच रवलो." मी कॅमेरा पोटाशी धरते आणि म्हणते, "रोल संपलो."

"संपलो?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हो. "बरां," म्हणून तुम्ही कंगवा खिशात ठेवलात.

आता बघा माझी हुशारी. स्टुडिओवाल्याची मुलगी मी, आणि खोटं बोलले ते कुणाशी? त्या कॅमेऱ्यात रोल संपला की आतली मोटर आपोआप उलटी फिरायची, अर्धा मिनिट घर्रर्र करत. ते सगळ्या जगाला माहीत होतं. रोल संपला असता तर आवाज झाला असता, आणि झाला नव्हता. हे तुम्हाला त्या क्षणीच कळलं असणार. मला कळलं ते अर्ध्या तासाने. सूर्य पाण्याला टेकला होता, तुम्ही दहा पावलांवर पँटीच्या घड्या घालून पाण्यात उभे होतात, आणि मी तुमच्या पाठीमागून त्या सूर्याचा फोटो काढला. तुम्हाला टाळून, थोडी बाजूला सरकून काढला. आणि कॅमेरा सुरू झाला. घर्रर्र. मेला थांबेचना! मी त्याच्यावर ओढणी दाबली, पोटाशी धरला, तरी तो वाजतोच आहे. तुम्ही मागे वळला नाहीत. आवाज थांबेपर्यंत समुद्राकडेच बघत राहिलात आणि मग म्हणालात, "चल गो, तुझी आवस वाट बघत असतली."

तो रोल तुम्हीच धुतलात. मी कोल्हापूरला परत गेले होते. फोटो छापताना छत्तिसाव्यापर्यंत पोचलात तेव्हा डार्करूमच्या लाल दिव्याखाली तुम्हाला काय वाटलं असेल, याचा विचार करायलाही मला पुढे कितीतरी वर्षं लागली. तुम्ही मात्र तो सूर्य मोठा केलात, फ्रेम केलात आणि दुकानाच्या काचेत नवऱ्या-नवरदेवांच्या मधोमध लावलात. खाली चिठ्ठी, 'माझ्या मुलीने काढलेला.' ती फ्रेम मी पाहिली ती त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात. तुम्ही सकाळी दुकानाचं शटर वर करायला वाकलात आणि तिथेच बसलात, असं कळल्यावर रात्रभर एसटीने आले, तेव्हा. पुढे भिंतीसाठी फोटो हवा म्हणून आम्ही सगळे ड्रॉवर उपसले. हजारो निगेटिव्ह. तुम्ही एकाही ठिकाणी धड नव्हतात. "एक तरी असतलो रे," म्हणत आई उजेडाला पट्ट्या धरत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून शोधायचं नाटक करत होते. मला माहीत होतं की सापडणार नाही.

तर कॅमेरा. बाजारातला दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने समजावलं की लग्नकार्याला, फिरायला न्यायचा तर छोटा बरा, पण फोनपुढे आता छोटे कुणी विचारत नाही. चेहऱ्याचा फोटो आणि कमी उजेड असेल तर मोठा. मी खाऱ्या हवेचं विचारलं, बुरशीचं विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी कंटाळून म्हणाला, "बाई, दोनय व्हरा घराक. सोमवारी एक परत करा."

काल दुपारी आई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. आधी छोटा घेतला. हात लांब करून पडद्यात बघितलं, आणि व्हायचं तेच झालं. "कोण गो? झील मां?" कान पुढे. शिरा पडली त्या कॅमेऱ्यावर! मग मोठा घेतला. याला वर डोळा लावायची छोटी खिडकी आहे, तुमच्या कॅमेऱ्याला होती तशी. मी डोळा लावला, कोपर पोटाशी घट्ट धरलं, तुम्ही धरायचात तसं. माझं तोंड कॅमेऱ्यामागे गेलं असेल. आई थबकली. तिचा हात आपसूक पदराकडे गेला, पाठ ताठ झाली, आणि बाबा, तिच्या तोंडावर ते आलं. "अवो," ती म्हणाली, "एकच काढा हां. माझो भात वेळूचो आसा."

चुलीवर काही नव्हतं. मी एक काढला. "झालो?" तिने विचारलं. मी डोळा काढला नाही. आवाज जाड करून म्हणाले, "झालो." तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण ती तशीच बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आनी तुमचो? तुमचो काढूचो रवलोच. चेडवाचो रोल संपलो म्हणान सांगलास त्या दिसा. मगे कायम रवलोच तो."

म्हणजे तुम्ही घरी येऊन तिला तेच सांगितलंत. चेडवाचा, म्हणजे माझा, रोल संपला म्हणून. आवाज ऐकलात, नंतर स्वतःच्या हातांनी तो फोटो धुतलात, आणि तरी बायकोसमोरसुद्धा माझं खोटं तुम्ही खरंच ठेवलंत. मी कॅमेरा खाली घेऊ शकले नाही. डोळ्यातलं पाणी त्या खिडकीच्या रबरावर उतरलं, आणि समोर आई तुमच्या उत्तराची वाट बघत बसली होती. थोड्या वेळाने ती विसरली.

आज छोटा परत करून आले. फोटो किंचित हललेला आहे. तुम्ही तो कुणाला दाखवला नसतात. पण त्यात आईचा कान नाही, आई आहे. कपाटात आजपासून छोटा बल्ब लावला आहे. हे कागद त्या जुन्या पाकिटात ठेवीन, छत्तिसाव्या फोटोच्या निगेटिव्हपाशी. दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक मात्र कधी कुणाला बोलले नाही, ते लिहून टाकते. तुम्ही ती फ्रेम काचेत लावलीत, म्हणजे तुम्हाला वाटलं असणार की पोरीला तो सूर्य फार हवा होता, म्हणून तिने शेवटचा फोटो राखून ठेवला. नाही हो, बाबा. मला सूर्य नको होता. मला तुम्हाला फक्त नाही म्हणायचं होतं.