रविवारचं तेल

शनिवार, संध्याकाळ

मानेवरचे बारीक केस झटकत जिना चढले, तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. पाटणकर बाजारातल्या पार्लरवालीनं कात्री लावण्याआधी दोनदा विचारलं होतं, "दीदी, पक्का?" सासूबाईंनी का कापले तेही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "मग उद्या मी काय करू?"

अकरा वर्षं दर रविवारी त्या माझ्या केसांना तेल लावून वेणी घालतात. एरवी आमचं बोलणं दूध आणि भाजीपुरतं. तेल लावताना मात्र त्या माहेरचं सांगतात. हे मी विसरले कशी? की विसरले नव्हतेच?

हात पुन्हा मानेकडे गेला. तिथे आता काही नाही.

तरी माफी मागणार नाही. वर्षभर थकलेलीच उठते आहे. एरवी रोज माझी मी वेणी घालते, ती वीस मिनिटं मला सकाळी फिरायला हवी आहेत. केस पुन्हा वाढवणार नाही, हे त्यांना उद्याच सांगायचं.

रविवार. फिरून आले आणि सांगितलं. "बरं. बस," त्या म्हणाल्या. तेल कोमट करून ठेवलं होतं. त्यांचा हात केस संपले तिथे, माझ्या मानेपाशी येऊन थांबला, मग पुन्हा वर गेला.