डब्यातला डावा हात

जळगाव जामोद
ता. ५ डिसेंबर १९६५

तीर्थरूप आक्का,

पाया पडते. भाऊजींलेही माझा नमस्कार सांग. मी इथं बरी आहे. तू म्हनतं तशी 'बरी म्हनायची' बरी नाही, खरीच बरी आहे.

तुझं पत्र पोचलं. अर्धं म्हशीच्या आजारपनाचं अन् अर्धं माझ्यावर रागावन्याचं. 'तिथं तुले आता कोन आहे, काऊन बसली तिथं?' असं तू विचारलं. कोन म्हंजे? शेजारी पुष्पाबाई आहे. तिची कोंबडी माझ्या दारात अंडं घालते, मग आमचं दोघींचं भांडन होते, मग तीच मले अर्धी वाटी वरन आनून देते. सरकी काढायच्या जिनमधल्या बाया आहेत. मानसं कमी आहेत का इथं?

अन् हंगाम सुरू झाला. कापसाच्या गाड्या पार बसस्टँडपर्यंत उभ्या आहेत. केसात कापूस, नाकात कापूस, काल वांग्याच्या भाजीत निघाला. काढला अन् जेवली. कोनाले वाढायचं असतं तर भाजी पुन्हा केली असती.

यंदा नव्या पोरी पुष्कळ आल्या. त्यांले शिकवायच्या खोलीचं काम माझ्याकडं आहे. तुले त्या डब्याबद्दल कधी सांगतलं नाही वाटते. मशीन बनवनाऱ्या कंपनीनं दिलेला लाकडी डबा आहे, दोन काचांचा, उभ्या बाईच्या डोळ्याइतक्या उंच दांड्यावर बसवलेला. आत एकाच जागेचे दोन फोटो एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी लावतात. डोळे लावले की दोन्हींचा एक होते, अन् तो कागदावानी सपाट राहत नाही. जिन पुढं, मानूस त्याच्यामांगं, भिंत त्याच्याही मांगं. हात लांबवला तर लागंल असं वाटते. डब्याखाली एक खोटं जिन आहे, लाकडाचं, बिनपट्ट्याचं. पोरीनं डोळे डब्यात ठेवायचे अन् हात खोट्या जिनवर चालवायचे. चित्रातला मानूस जसा कापूस टाकते तसाच टाकायचा. खऱ्या जिनमधी बोट गेलं तर परत येत नाही, म्हनून आधी ही सवय.

खुर्शीद पिंजाऱ्याची पोरगी जमीला यंदा पयल्यांदा आली. डोळे लावले अन् एकदम मांगं सरकली. मले म्हने, "खाला, ये तो अब्बी बात करेगा ऐसा लगता."

मी म्हनलं, नाही बोलत तो, काम कर.

माझं काम काच पुसायचं, फोटो बदलायचे अन् पोरींवर ओरडायचं. त्यातलं ओरडायचं मले चांगलं जमते.

कंपनीचा एक पाहनीवाला सायेबही आला आहे मुंबईहून. स्टुलावर बसते अन् बायांले पाहते. कशा उभ्या राहता, कुठं वाकता, खांदा दुखते का, सारं विचारते अन् चित्र काढून ठेवते. ह्याच जिनमधल्या बायांचे पदर पट्ट्यात काऊन जातात, बाकी गावच्या जिनमधी जात नाहीत, ते त्याले शोधायचं आहे. आमचा मुकादम शंकरराव म्हने, बाया वेंधळ्या आहेत. सायेब म्हने, "अहो, पण सगळ्या एकाच बाजूला वेंधळ्या कशा?" मी आपली काच पुसत होती.

तर आक्का, येनं होत नाही. भर हंगामात खोली कोनाच्या भरवशावर टाकू? म्हशीले ओवा-गूळ दे. रागावून लिहिलं तरी चालंल, पन लिही.

तुझी, कामात असलेली
सोजरा


जळगाव जामोद
ता. २६ डिसेंबर १९६५

तीर्थरूप आक्का,

पाया पडते. म्हैस उठली हे वाचून बरं वाटलं. मागची खोली माझ्यासाठी सारवून ठेवली असं लिहिलं, तेही वाचलं. दोनदा वाचलं.

तू लई चतुर आहे. 'डब्याचं एवढं लिहिलं, पन आतला मानूस कोन ते लिहिलं नाही' म्हनतं. तुले माहीत आहे म्हनूनच विचारलं ना? हे आहेत आत.

फोटोवाला आला तेव्हा एकही बाई त्याच्यापुढं उभी राहीना. फोटो काढला की आयुष्य कमी होते असं अन्नपूर्णाबाईनं उठवलं होतं, अन् ती जिनमधली सगळ्यात जुनी, तिचं कोन मोडनार? फोटोवाला दोन दिवस नुसता बसून. मग हे पुढं झाले. म्हने, "आना इकडं, मोतीराम मिस्त्री टाकून दाखवते. बाईचं काम मानसाले जमत नाही का?" साऱ्या बाया पदर तोंडाले लावून हसल्या. फोटोत ह्यांच्या तोंडावर जे हसू आहे ते त्यांचं पाहून आलेलं आहे. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली अन् हे गेले. बाया म्हने, पाहा, आम्ही सांगत होतो.

आक्का, घरात ह्यांचा एक फोटो नाही. लग्नात काढला नाही, नंतर कोन काढते. जे आहे ते डब्यातच.

मी खोलीत सकाळी साऱ्यांच्या आधी जाते. काच पुसते, मग डोळे लावते. पुष्पाबाईच्या कोंबडीचं सांगते, कापसाच्या गाड्या किती आल्या ते सांगते, तुझ्या म्हशीचंही सांगतलं. घरी भिंतीकडे तोंड करून चहा प्यावा लागते, इथं समोर कोनी तरी उभं असते. एखाद्या दिवशी हात लांबवते. मग खोटं जिन हाताले लागते, अन् मी मुकाट्यानं पोरींले हाक मारते. आता तुले समजलं असंल मी काऊन येत नाही. तिकडं आली तर मी कोनाशी बोलू? रागावू नको, तू आहे, पन तुले समजलं मले काय म्हनायचं ते.

अजून एक आहे. ते भाऊजींलेही सांगू नको.

ह्यांचा डावा हात चाले, तुझ्या सासूबाई ह्यांले जेवायले बसवताना कशा कुरकुर करत ते आठवते ना. फोटोतही हे डाव्याच हातानं कापूस टाकून राह्यले. ते पाहूनपाहून इथल्या साऱ्या पोरी डाव्या हातानं टाकायले शिकल्या. अन् जिन फिरवनारा पट्टा डाव्या अंगाले आहे. डावा हात लांबवला की पदर पट्ट्याकडे जाते. ह्यांले पदर नव्हता, म्हनून ह्यांले कधी काही झालं नाही.

सायेब स्टुलावर बसून जे शोधून राह्यला ते मले तो आला त्या दिवशीच समजलं. दुसऱ्या कोनाच्या ध्यानात येत नाही, कारन डब्यात डोळे घालनाऱ्या पोरी नव्या, अन् शंकरराव कधी डब्यात पाहत नाही. सांगतलं तर फोटो जातील. मी नाही सांगतलं.

आजवर पदर फाटले, लुगडी फाटली, तेवढंच झालं. पदर खोचा, ओढनी बांधा, असं मी दिवसभर ओरडून राह्यली. तेवढं पुरंल असं वाटते. नाही पुरलं तर, ते मी मनात येऊ देत नाही.

हे पत्र चुलीत टाक.

सोजरा


जळगाव जामोद
ता. ६ फेब्रुवारी १९६६

तीर्थरूप आक्का,

पाया पडते. तिळगूळ मिळाला. उत्तर लिहायले उशीर झाला. तू लिहिलं होतं, 'सोजरा, दुसऱ्याच्या लेकी आहेत त्या'. त्या वाक्याचं मी उत्तर देत नव्हती.

संक्रांतीच्या आठवड्यात जमीलाची ओढनी पट्ट्यात गेली. बांधलेली होती, मीच बांधून दिली होती, कामात सुटली. गळ्याले पीळ बसला अन् ती पट्ट्याकडे ओढली जाऊ लागली. पट्ट्यावरच्या वाहेदनं बांबूनं पट्टा उतरवला म्हनून वाचली. गळ्याभवती लाल वळ होता. बराच वेळ तिच्या तोंडातून आवाज निघेना. मी तिले मांडीवर घेऊन बसली होती. आवाज आला तेव्हा पयलं मलेच म्हने, "खाला, मैंने तो वैसाच किया जैसा उन्होंने दिखाया."

तिले वाटलं मी रागवीन.

मी उठली अन् सायबाले खोलीत घेऊन गेली. म्हनलं, डोळे लावा अन् कोनता हात आहे ते पाहा. त्यानं पायलं. मग तो बाहेर जाऊन बायांचे हात पाहून आला, पुन्हा डोळे लावले. म्हने, "बाई, आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हनलं, माझा नवरा आहे तो.

त्यानं डब्यावरून तोंड काढलं. सायेब वाईट नव्हता. म्हने, फोटो कंपनीचे आहेत, न्यावे लागतील, पण एक पुठ्ठा तुम्ही ठेवा. माझ्या हातात दिला. तो मी घरी आनला, चुलीवरच्या फळीवर ठेवला. डब्याबाहेर तो नुसता पुठ्ठा आहे, आक्का. दोन फोटो, दोन्हींत हे, अन् दोन्हीकडं कागदाचे. डोळे तिरपे करून, लांबून, जवळून, सारं करून पायलं. एक होत नाहीत. मी लई रडली. ह्यांले नेलं तेव्हा एवढी रडली नव्हती.

नवे फोटो काढायचे ठरले. ह्या वेळीही बाया तयार होईनात. मग मीच उभी राह्यली, उजव्या हातानं. अन्नपूर्णाबाई म्हने, आयुष्य कमी होईल. मी म्हनलं, होऊ दे, कोन वाट पाहून राह्यलं?

आधी शिकलेल्या पोरींचा हात बदलायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. एकेकीले खोट्या जिनवर उभी केली. तेव्हा मले दिसलं की नुसता डावा हात नाही घेतला त्यांनी. ह्यांची ढब घेतली होती. कापूस उचलला की मनगट जरासं झटकायचं, मग टाकायचं. तुझ्या घरी भाकरीचा तुकडा मोडताना हे तसंच झटकत. ती सगळ्यांच्या हातात होती. सिंधू, पारबती, साऱ्यांच्या. जिनमधी इतके दिवस मी ह्यांच्या हातांच्या मधून फिरत होती अन् डब्यात पाहायले धावत होती.

मग एकेकीचा हात धरून मी तो खाली ठेवला. डावा नको, बाई, उजवा. अस्सं नाही, सरळ टाक. ओरडली नाही, ह्या वेळी ओरडायले जमलं नाही. जमीला सगळ्यात शेवटी राह्यली, तिचा हात बदलायले लई दिवस लागले. काल तिनं न सांगता उजवा हात टाकला, मनगट न झटकता. मी तिले शाबास म्हनलं अन् बाहेर सरकीच्या ढिगावर जाऊन बसली. ती आली, माझ्याजवळ बसली, म्हने, "खाला, कुछ गलत किया क्या?" मी म्हनलं, नाही, एकदम बरोबर केलं.

डबा आता तीच पुसंल. शिकवायले मी इथं असायची गरज नाही, मी आत उभी आहे.

तू विचारलं होतं, तिथं तुले आता कोन आहे. तेव्हा मी पुष्पाबाईची कोंबडी सांगतली. आता खरं सांगते. कोनी नाही.

हंगाम उतरला की मी येते. नांदुऱ्याहून बुलढान्याची गाडी धरीन. भाऊजींले स्टँडवर पाठव, सामान जास्त नाही. मागची खोली सारवून ठेव अन् भिंतीले एक फळी ठोकून ठेव, एक पुठ्ठा ठेवायचा आहे.

आता तुझीच
सोजरा