बिनजिन्याची माडी

निमगाव केतकी,
भर दुपार

चिंतामणराव सावकारांना खालून सरुबाईचा नमस्कार.

तुमी वर सुखरूप असाल. आमी खाली मजेत हाय. तोंडानं बोललं की तुमी ऐकून घेत न्हाय, म्हणून लिहिते.

मघाशी गहाण पडलेल्या माडीचा ताबा घ्यायला तुमी कुलूप घेऊन वर चढलात आणि मी शिडी काढून ओसरीत आडवी ठेवली. रागावू नका. माडी तुमची झाली, पण शिडी आमची हाय आणि खालचं घर सासूबाईंचं हाय. ते काय गहाण न्हाय.

हप्ते थकले ही चूक आमची, व्हय. पण माडी बांधायला तुमचं कर्ज काढलं तवा, ती भाड्यानं देऊन हप्ते फेडायचे, हे तुमच्यासमोरच ठरलं होतं. जिन्यापुरतं कर्ज वाढवून मागितलं तवा तुमीच म्हणालात, "जिना कशाला? शिडी चालेल की." मग शाळेचे मास्तर जागा बघायला आले, त्यांच्या बायकोनं शिडी बघितली आणि ती खालूनच माघारी वळली. भाडेकरूच न्हाय, तर हप्ता कुठनं यायचा?

आत्ता तुमी वरनं ओरडताय, "अहो, इथे जिना हवा होता." सासूबाईंना हसून हसून ठसका लागलाय.

तेवढा जिना बांधून द्या. भाडं आलं की कर्ज फिटंपतोर ते तुमीच घ्या, आणि माडी आमाला ठेवा.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं तर आधी शिडी लावावी लागंल. म्हणून ते फडताळात ठेवते आणि चहा टाकते.

तुमच्या माडीखालची,
सरुबाई