आधीचा रिपोर्ट

सोमवार, ९ मार्च

फाटला. शनिवारी, ट्रेनिंगच्या हॉटेलात, मशीनवाल्याच्या खोलीत. कंडोम फाटला आणि दोघांच्याही फार उशिरा लक्षात आलं.

मशीनवाला म्हणजे आमच्या दुकानाला कानाची मशीनं पुरवतो तो. दोन दिवस माझं बोलणं ऐकत होता. वाक्य संपेपर्यंत! घरी एवढं कुणी ऐकत नाही. तेवढ्यावर भाळले मी, त्रेचाळिसाव्या वर्षी.

आज त्याला फोन केला. "तू कधी तपासणी केलीयस?"

"मी काय तसला वाटलो तुला?" वर हसला.

तसला म्हणजे कसला? पण खरं सांगायचं, तर गेल्या आठवड्यापर्यंत मीही हेच म्हणाले असते.

मंगळवार, १० मार्च

क्लिनिकला जाऊन आले. दुकानात डोकं दुखतंय सांगितलं. दिवसभर बहिऱ्यांशी ओरडून बोलणारी मी — तिथे आवाजच फुटेना. समुपदेशक बाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोला, पंख्यात ऐकू येत नाही!"

बोलले. त्या मात्र अगदी साध्या आवाजात बोलल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. एकदाच झालंय, धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही. बहात्तर तासांच्या आत गोळी सुरू केली तर एचआयव्हीची लागण बहुतेक टळते. महिनाभर रोज एक, चुकवायची नाही. ज्यांना लागण झालेली असते ते हीच गोळी जन्मभर घेतात. कप, टॉवेल, संडास, मिठी — यातून काही होत नाही. "उगाच घरच्यांपासून लांब पळू नका."

मग म्हणाल्या, "आता रक्त घेते. शनिवारचं इतक्यात रक्तात दिसत नाही, त्यासाठी पुढे पुन्हा यायचं. हे आधीचं कळायला."

"आधीचं काय असणार? लग्न झालंय माझं."

"सगळ्यांचंच घेतो, बाई."

रागच आला. पहिली गोळी तिथेच गिळली, बाटली पर्समध्ये टाकली. "अर्धा तास थांबा, रिपोर्ट घेऊन जा," म्हणाल्या. मी निघून आले. आधीचा रिपोर्ट म्हणे! अठरा वर्षं एका नवऱ्याबरोबर. त्यातली शेवटची चार तर त्याच्याबरोबरही नाही. कशाला थांबू?

बुधवार, ११ मार्च

मळमळतंय. गोळीनं की भीतीनं, कोण जाणे.

सगळं समजावून दिलंय, तरी माझा कप वेगळा ठेवलाच. पोरीनं पाहिलं. "आई, तुझा स्पेशल कप का? राणीसाहेब झालीस की काय?" तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. मिठीनं काही होत नाही हे माहीत असून!

नवरा नेहमीसारखा दाराच्या कड्या पुसत होता. बाहेरून आला की कोपरापर्यंत हात धुणार. दर रविवारी स्वयंपाकघरातली फडताळं स्वतः पुसणार. माझ्यावर नाही विश्वास! एवढा स्वच्छ माणूस, आणि बायको ही अशी.

अशी का झाली, ते मात्र कधी विचारणार नाही. चार वर्षांपूर्वी एकाएकी याची पाठ दुखायला लागली. "मला कडक गादी लागते," म्हणून बाहेरच्या खोलीत गेला. गेला तो गेलाच. आपलं कपाटही तिकडे नेलं. कुलूप, म्हणे ऑफिसच्या फायली आहेत. किल्ली पँटच्या खिशात. सुरुवातीला मी तेल कोमट करून घेऊन जायची. दारातूनच म्हणायचा, "राहू दे. तू झोप." माझं अंग सुटलं म्हणून असेल, असं धरून चालले होते. आरशासमोर उभी राहून रडलेय मी त्या पाठदुखीपायी.

गुरुवार, १२ मार्च

एका आजोबांना मशीन बसवलं. दहा मिनिटं ऐकून म्हणाले, "सून एवढी बोलते होय! काढा ते." खूप दिवसांनी हसले.

क्लिनिकचा फोन येऊन गेला. समोर गिऱ्हाईक होतं. उचलला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

पुन्हा क्लिनिक. दोनदा. काय एवढं? गोळी घेतेय ना वेळेवर!

मशीनवाल्याला मेसेज केला — मला काही झालं तर तुझ्या घरी येऊन तमाशा करीन. नीच, घाणेरडा, आणखी बरंच काही. उत्तर आलं: "अगं बाई, उद्या तपासतो. पण आधी श्वास घे."

शनिवार, १४ मार्च

त्याचा मेसेज. "तपासलं. काही नाही निघालं. आता तरी शिव्या परत घे." खाली रिपोर्टचा फोटो.

जीव भांड्यात पडला. बाई पुढे पुन्हा तपासायला सांगतीलच, गोळ्याही संपवीनच. पण आज पोरीच्या कपातला उरलेला चहा प्यायले. पोरगी म्हणाली, "राजवाडा विकला वाटतं!"

रविवार, १५ मार्च

साखरेच्या डब्यामागे ठेवली होती बाटली. फडताळ पुसताना नवऱ्याच्या हाताला लागली. माझं उत्तर तयार होतं — कॅल्शियम.

त्यानं विचारलंच नाही कसल्या गोळ्या म्हणून. बाटली हातात धरून उभा राहिला, पांढराफटक. मग हळूच म्हणाला, "माझ्या कपाटाची किल्ली तुला कुठे मिळाली?"

उद्या सकाळी तो आधीचा रिपोर्ट आणायचाय.