चिनी झाडाला आवतण

नाशिक, गुरुवार, १३ जानेवारी २००५

उद्या आईची तिसरी किमो. इंजेक्शनचा खोका संध्याकाळीच मेडिकलमधून आणला.

सुरुवातीला ती दवाखान्यात यायलाच तयार नव्हती. तिचे वडील पेठ तालुक्यात झाडपाल्याचं औषध द्यायचे, तिचा विश्वास त्यावरच. मग मी सांगितलं की हे औषधही मुळात एका चिनी झाडातच सापडलं, तिथले वैद्य ते झाड पूर्वीपासून वापरतात. खरंच आहे ते. वाटलं, जिंकले. तर म्हणाली, "मंग त्या झाडाला आवतन कोनी दिलं?"

आजोबांची तशी पद्धत होती. आदल्या संध्याकाळी झाडापुढे तांदूळ ठेवून त्याला बोलावणं करायचं, मगच सकाळी मुळी काढायची. "आवतनाशिवाय आनलेलं गुन देत नाय," आई म्हणाली.

मी रसायनशास्त्र शिकवते! म्हटलं, अगं, कारखान्यात शुद्ध करतात ते, मिलिग्रॅममध्ये मोजतात, झाड कुठे राहिलंय त्यात? तिने ऐकून घेतलं आणि खोक्यापुढे तांदूळ ठेवले. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा मी चिडले. गाठ लहान झाली ती औषधाने, तांदळाने नाही, हे मी आजही म्हणेन.

आज ती दुपारपासून ग्लानीत आहे. तांदळाचं तिच्या लक्षातच नाही. मला ते का सहन होईना? दिवे लागल्यावर मीच चार दाणे खोक्यापुढे ठेवले. पण बोलायचं काय? ती पुटपुटायची तेव्हा मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "उद्या ये. आई वाट बघतेय."