हिरव्या डोळ्याचा रेडिओ

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं, सोबतची लोकरीची शालही. शाल छान ऊबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढउतार कमी कर म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

इकडे सगळं बरं. खालच्या शिंप्याने दुकान रंगवून घेतलंय, जिन्यात अजून वास कोंडलाय. माझे रेडिओ तेवीस झाले. पलंग पार भिंतीला चिकटवला, तेव्हा कुठे कपाटाचं दार उघडतं. सगळे व्हॉल्व्हचे, टेबलावर ठेवायचे, आपण दोन वेण्या घालायचो तेव्हाचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं तारा जोडल्या, हाताची सवय जात नाही. बटण फिरवलं की आधी काहीच होत नाही. मग आतल्या नळ्या लालसर होतात, तापलेल्या धुळीचा वास येतो आणि खरखर सुरू होते. बहुतेक स्टेशनं बंदच पडलीत. तरी रोज संध्याकाळी एकेक लावते. घरात कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटतं.

भावोजी म्हणायचे, "धाकटे, ही तुझी सासरची मंडळी. इतकी गप्प सासू कुणाच्या नशिबी असते?" आणि स्वतःच खो खो हसायचे.

तू लिहिलंस, रविवारी येते, पंधरा दिवस राहते, तुझा तो सारखा उलटणारा ताप एकदाचा चांगल्या डॉक्टरला दाखवू. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता चौथ्यांदा लिहितेय.

ताई, मला ताप येत नाही. तेव्हाही आला नव्हता.

भावोजी गेले त्या दिवशी सकाळी सातला शिंपी वर आला. तुझा फोन त्याच्या दुकानात आला होता. म्हणाला, "तुमच्या भावोजींचं काही खरं नाही, ताबडतोब बोलावलंय." मी पिशवी भरली. आठची गाडी मिळाली असती.

पण त्याच दिवशी मला एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे जायचं होतं. त्याच्याकडे एक रेडिओ होता, दर्शनी भागात हिरवा डोळा असलेला. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत येतो. तसा, न फुटलेल्या काचेचा, मी नऊ वर्षं शोधत होते. घड्याळजी मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता आणि दुपारी भंगारवाला येऊन उरलेलं सगळं नेणार होता. मी मनाशी म्हटलं, वाटेतच तर आहे. अर्ध्या तासाचं काम. दहाची गाडी आहेच.

घड्याळजीने चहा टाकला. रेडिओ फडक्याने पुसत बसला. म्हणाला, "घाई नाही ना तुम्हाला? ही ह्याच्यासमोर बसून स्वेटर विणायची. विकतो म्हटलं की बोलायची नाही दोन दिवस."

मी म्हटलं, "नाही, घाई कसली."

हेच शब्द, ताई. हेच बोलले मी.

तो बायकोबद्दल बोलत राहिला, मी ऐकत राहिले. भिंतीवर सहा घड्याळं होती आणि सगळी चालू होती. दहाचे ठोके सहाही घड्याळांनी दिले, तरी मी उठले नाही. आजारी माणसाच्या खाटेपाशी जायची मला भीती वाटत होती, असं म्हणून सुटता येईल. भीती होतीही. पण त्याहून जास्त मला तो रेडिओ हवा होता.

तो जड डबा घेऊन गाडीत कशी चढणार, म्हणून आधी घरी आले. एक वाजला होता. शिंपी दारातच उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

तू दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालीस, "ते दोनदा विचारत होते, धाकटी आली का?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तापाने फणफणले होते, उठवत नव्हतं. तू रडता रडता मलाच म्हणालीस, "औषध घेतलंस का?"

त्यानंतर दोन वर्षं तू माझ्या तब्येतीची काळजी करतेस आणि मी दर वेळी नवा ताप कळवते, म्हणजे तुझ्याकडे यायला नको. त्यांची खुर्ची बघायला नको. तुझ्या शेजारणी "बिचारी, फार अशक्त आहे हो" म्हणतात म्हणे. मी चांगली धडधाकट आहे. काल तेवीस रेडिओ एकटीने हलवून फरशी पुसली.

हिरव्या डोळ्याचा तो रेडिओ मी एकदाही लावलेला नाही. दुरुस्त आहे. नुसता ठेवलाय.

भावोजींची माफी मागायची वेळ गेली. तुझी मागते, पण तू ती दिलीच पाहिजेस असं नाही. रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. मी अकरापासून स्टँडवर असेन, शेवटची गाडी येईपर्यंत. रागावली असलीस तरी ये. तिथे चारचौघांत मला काय बोलायचं ते बोल, ओरड, पण पत्रातून नको. तुझं अक्षर फार शांत असतं गं, ते मला सोसणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी